एक जानेवारीच्या बाया

आमची विशाखा, माझ्या भावाची लेक, लातुरात वाढली. लहानपणी पालीचं तुटलेलं शेपूट परत कसं येतं ते बघत भिंतीपुढं बसून राहायची. वहिनी म्हणायची, हिला कोण करून घेणार. करून घेतलं पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं.

तिचं काम तिनंच मला भाकरी खाता खाता सांगितलं. मांसात म्हणे मूळपेशी झोपलेल्या अस्तात. लागलं-खुपलं की उठतात, डागडुजी करतात. म्हातारपणी हाका मारल्या तरी उठत न्हाईत, म्हणून हातापायातलं बळ जातं. त्यांना उठवायचं कसं, यातच बारा वर्षं गेली तिची. आधी आठ वर्षं उंदरांवर, मग चार वर्षं आमच्या औशाकडच्या बायांवर.

तीस बायांनी राजीखुशीनं मांडीतला मुगाएवढा तुकडा दिला. निकाल असा की सत्तरीपुढच्या बायांच्या पेशी पोरींवानी टणाटण उठल्या. विशाखाबाई पेढेच घेऊन आल्या. सोमवारी पेपर पाठवायचाय, म्हणे, या बाया खातात काय तेवढं सांग आत्या.

मी यादी बघितली. पहिलंच नाव गुणाबाई, वय शहात्तर. हसून हसून पेढा गिळवेना मला. गुणी माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, अन मी अजून पासष्टीची न्हाई. निराधाराचा पगार लवकर चालू व्हावा म्हणून वाढवलेलं वय ते. पुढं बघते तर चोवीस जणींचा जन्म एक जानेवारीचा, तारीख ठाऊक नसली की आधार कार्डावर टाकतात तो. एवढी शिकली, पण इतक्या बायांना एकाच दिवशी जन्मायचं कसं सुचलं, हे काय तिच्या डोक्यात आलं न्हाई.

चार वर्षांचं काम मातीत चाललं म्हणून पोरगी रडकुंडीला आली. मी चप्पल घातली. म्हणलं, ती आधार कार्डं ठेव घरी अन चल.

घरोघर विचारत गेलो. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडत होतीस का पाळण्यात होतीस? किल्लारीच्या भूकंपात नातू झाला होता का? सत्तरीतल्या निम्म्या साठीच्या आत निघाल्या. शोध गेला उडत.

शेवटी नागम्मा. कार्डावर पासष्ट, आधारच्या कॅम्पातल्या माणसानं तोंड बघून लिवलेलं. तूर झोडत होती.

"निजाम गेला, त्या अठ्ठेचाळीसच्या पुलिस ॲक्शनच्या वेळी कुठं होतीस गं अक्का?"

"पळत होते की. कडेवर भाऊ होता."

विशाखानं बोटांवर वर्षं मोजली. भाऊ कडेवर, म्हणजे सहा-सात वर्षांची तरी. म्हणजे आता ऐंशी पार. अन यादीत सगळ्यात आधी उठलेल्या पेशी हिच्याच.

"एकीवर शोध होत न्हाई, आत्या," विशाखा म्हणाली, पण तोंडावर दिवाळी.

पेपर सोमवारी गेला न्हाई. आता विशाखा ऐंशीपुढच्या बाया हुडकत हिंडतेय, अन कोण आपल्या बरोबरीची ते नागम्माच दाखवते. बांधावरून नागम्मा पुढं, शास्त्रज्ञ मागं धापा टाकत. काल म्हातारीनं थांबून विशाखाच्या हातातली सामानाची पिशवी काढून घेतली, अन पुन्हा चालायला लागली.