टाकीच्या तोंडाशी

मसरानीला कारखान्यात सगळे ‘तोंडवाला’ म्हणत. त्यात चेष्टा नव्हती. टाकीच्या तोंडाशी बसणं हेच त्याचं काम होतं.

महाकाम नदी समुद्राला मिळते तिथला हा खताचा कारखाना. जमिनीखालून जो वायू येतो त्यात गंधक असतं, अगदी नावापुरतं. पण तेवढंही पुढे गेलं तर भट्टीतला महागडा उत्प्रेरक निकामी होतो आणि सगळा कारखाना बसतो. म्हणून वायू आधी एका उंच टाकीतून सोडतात. टाकीत बारीक गोळ्या भरलेल्या असतात, त्या गंधक धरून ठेवतात. काही वर्षांनी गोळ्यांचं पोट भरतं. मग कारखाना बंद ठेवून जुन्या उपसायच्या, नव्या भरायच्या.

जुन्या गोळ्यांना हवा लागली की त्या आपोआप तापतात, कधी पेटतात. म्हणून टाकीतली हवा काढून नायट्रोजन भरतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्यात जीव तगत नाही. आत उतरणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा, मुखवट्याला बाहेरून हवेची नळी, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक वर बसलेल्याच्या हातात. वरच्यानं नजर ठेवायची, काही बिघडलं तर शिट्टी फुंकायची, दोर ओढायचा. स्वतः आत जायचं नाही. आत सख्खा बाप असला तरी नाही.

“नदीकाठची माणसं या कामाला वाईट,” शिकवायला जावाहून आलेले विर्योसाहेब म्हणाले होते. “कुणी बुडताना दिसलं की तुमची उडी आधी, विचार मागाहून.”

सगळे हसले, कारण ते खरंच होतं. मुआरा सेलांग हे त्यांचं गाव, घरं पाण्यातल्या खांबांवर. तिथे उडी न मारणाऱ्याला कुणी मुलगी देत नाही. मसरानीला जुमिया मिळाली ती उडीवरच. तिचा धाकटा भाऊ अर्बाइन लहानपणी पुरात वाहून चालला होता, त्याला यानं केसांना धरून काढलं होतं.

साहेबांनी एकेकाला विचारलं, आत माणूस पडला तर काय कराल? कुणी म्हणालं पळत जाऊ, कुणी म्हणालं श्वास रोखून उतरू. मसरानी म्हणाला, “शिट्टी.”

“मग?”

“मग पुन्हा शिट्टी.”

“हा बसेल तोंडाशी,” साहेब म्हणाले.

तो बसला, आणि त्याच्या दोरावरचा प्रत्येक माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला. पुढे अर्बाइन गोळ्या उपसणाऱ्या ठेकेदाराच्या टोळीत लागला. तेव्हा त्याच्या आईनं जावयाला एवढंच सांगितलं, “तुम्ही वर आहात ना, मग मला घोर नाही.”

त्या वर्षीच्या कामात तिसऱ्या की चौथ्या दिवशी अर्बाइन कमरेला दोर बांधत म्हणाला, “दाजी, जागे राहा हं. ताईला सांगेन, डुलक्या घेता म्हणून.”

“सांग. ती म्हणेल, घरी तरी दुसरं काय करतात.”

“आणि दोर जरा सैल धरा. मी काय तुमचं रेडकू आहे?”

“रेडकू बरं. ते आत गाणी म्हणत नाही.”

अर्बाइन हसतच खाली उतरला. मोठ्या नळानं तो गोळ्या ओढून घेऊ लागला. एका बाजूला गोळ्यांचा उभा कडा राहिला होता. तो सरकला आणि अर्बाइनच्या मांडीपर्यंत आला. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण पाय सोडवायला त्यानं अंग पिळलं, तशी पाठीमागे गोळ्यांत पुरलेली हवेची नळी ताणली गेली आणि मुखवट्यातून निसटली. अर्बाइननं मान वर केली. मग, दमलेला माणूस टेकतो तसा, तो गोळ्यांवर टेकला. धडपड नाही, हाक नाही.

मसरानीची शिट्टी वाजली होती. नळीपाशी उभा असलेला गडी धावत आला, दोघांनी दोर ओढला. दोर तारेसारखा ताठ झाला आणि तिथेच थांबला. गोळ्यांनी पाय धरून ठेवला होता. खाली दिव्याच्या उजेडात चेहरा दिसत होता, डोळे उघडे. शिडीच्या थोड्याच पायऱ्या मध्ये होत्या. आपला एक पाय तोंडातून आत गेला आहे, पायरीवर टेकला आहे, हे मसरानीला पाय टेकल्यावर कळलं.

तो पाय त्यानं परत घेतला. पुन्हा शिट्टी फुंकली.

पाठीवर हवेची नळकांडी बांधलेले सुटकेचे लोक खालून लोखंडी जिने चढत आले. त्यांनी पाय उकरून काढला आणि अर्बाइनला वर आणलं. त्याची छाती पुन्हा हलू लागली. ‘नशीब थोर,’ सगळे म्हणाले.

महिन्याभरानं तो घरी आला. भरवलं तर खातो. कधी आपल्याशीच हसतो. आईला ओळखत नाही, गरम गार कळत नाही, नदीकडे तोंड करून बसवलं तर दिवसभर तसाच बसतो. दवाखान्यातल्यांनी सांगितलं, मेंदूला हवा मिळाली नाही; गेलेलं परत येत नसतं. आई तरी रोज मरळीचा रस्सा करते. मरळ खाल्ली की जखमा भरतात, असं तिकडे मानतात.

चौकशीत ठरलं की मसरानीची काही चूक नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. गावानं एका शब्दानंही दोष दिला नाही. फक्त कॉफीच्या टपरीवर तो आला की माणसं सरकून जागा करून देत, पाहुण्याला देतात तशी.

यंदा गोळ्यांचं पोट पुन्हा भरलं. बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी तो सासूला सांगायला गेला. जुमिया तिथेच होती. म्हातारी माशातले काटे काढून अर्बाइनला घास देत होती.

“उद्यापासून बसायचंय, आई.”

“तिथंच?”

“तिथंच.”

तिनं एक घास दिला, मुलाची हनुवटी पुसली. “जावईबापू, तुम्ही आत गेला असतात तर हा सुटला असता?”

“नाही. आम्ही दोघंही गेलो असतो.”

“मग दोघं गेला असतात.”

“आई, काय बोलतेस?” जुमिया म्हणाली.

“रागानं नाही गं बोलत. माझी लेक विधवा झाली असती, ते का मला कळत नाही? पण हा तिथं एकटा होता, एवढंच म्हणते.”

मसरानीला सांगायचं होतं की तसं एकटेपण त्याला कळलंही नसेल, दोन श्वासांत शुद्ध जाते. हे त्यानं पूर्वी सांगितलं होतं. तेव्हाही तिनं ऐकून घेतलं होतं. तो उठून तांब्याभर पाणी घेऊन आला आणि अर्बाइनचे हात धुऊ लागला. अर्बाइननं हात धुऊ दिले.

सकाळी तो कामावर गेला. न जाऊन काय करणार? तो गेला नसता तर तोंडाशी जुंबेरीला बसवलं असतं. जुंबेरी मुआरा सेलांगचाच, आणि त्या दिवशी आत उतरायचं होतं जुंबेरीच्या भावाला.