हातानं द्यायची पत्रं

"गावाला तारीख कळवायची नाही म्हणजे नाही!"

मोठे साहेब ओरडले तेव्हा मी दाराबाहेर केटली घेऊन उभी होते. आत गेले असते तर भांडण तुटलं असतं, नाही गेले तर चहा थंड. मी चहा थंड होऊ दिला.

"न सांगता गेलो तं देवळाची किल्ली कोनाजवळ मांगाची, साहेब?" हा हरिदासभाऊ. "पुजारी वावरात धानाच्या बांदीत, सरपंच तालुक्याले. कुलूप पाहून वापस येऊ का?"

"तुम्ही कळवता आणि ते रंगवून ठेवतात! मागच्या वेळी कोरलेल्या खांबांना चुना फासला होता. त्याआधी फरशी. जुनं काही उरलंच नाही तर जतन कशाचं करायचं? अनुदान कशाला द्यायचं?"

"पाहुना येते म्हनून लोक सारवतेत साहेब. त्याईची काय चूक?"

"पाहुणा नाही तुम्ही, सरकार आहात!"

"इथी सरकार कधीमधीच येते. म्हनून पाहुनाच."

मग मी थंड चहा घेऊन आत गेले. साहेबांनी नाही प्यायला. हरिदासभाऊनं दोन्ही कप संपवले.

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. चंद्रपूरच्या त्या सरकारी कार्यालयात मी चहा करायची, झाडझूड करायची. माझं शिक्षण चौथीचं, तेही अर्धं, पण कान शिकलेले होते. जुन्या देवळांना, विहिरींना, किल्ल्यांच्या पडक्या दरवाज्यांना सांभाळण्यासाठी सरकार गावांना मदत देतं, त्याच्या फायली हरिदास गेडामकडे. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांच्या. गावानं अर्ज करायचा, हरिदासभाऊनं जाऊन मापं घ्यायची, फोटो काढायचे, ग्रामसभेचा ठराव मिळवायचा, सातबारा जोडायचा, मुंबईला पाठवायचं. मुंबईहून कागद कमी आहे म्हणून परत यायचं. तो कागद जोडला की दुसरा कमी. फायली मोठ्या व्हायच्या, आणि ज्याच्यासाठी त्या केल्या ते लहान होत जायचं. एका फायलीत दरवाजा होता, मंजुरी आली तेव्हा दगडांचा ढीग होता. मग त्या ढिगाभोवती काटेरी तारेचं कुंपण घातलं. हरिदासभाऊच्या यशात ते कुंपण धरतात.

बाकीच्यांना नकार. आणि नकाराचं पत्र तो पोस्टानं पाठवायचा नाही. स्वतः एस.टी.नं जायचा, पारावर लोक जमवायचा, वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, पोच म्हणून सही घ्यायचा. गडचिरोलीच्या पार तिकडच्या टोकाला, जिथं तेलुगू बोलतात, तिथंही. एकदा मी विचारलं, "काऊन गा भाऊ, एवढे धक्के खात जाता? पाकीट टाकून द्या ना."

"इंदुताई, पाकीट गेलं तं शिव्या कोनाले देतीन लोक? शिव्या ऐकाले मानूस पाहिजे."

असा माणूस. जेवणाच्या डब्यात रोज वांग्याची भाजी, पिशवीत मापाच्या फितीचा गोल डबा आणि एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. फोटो काढताना ती काठी दगडाजवळ उभी करायची, म्हणजे मुंबईच्या लोकांना उंची कळते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरगी भद्रावतीला नांदते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याच्याकडे माझ्या माहेरची फाईल आली. नागभीडकडे साखरटोली म्हणून गाव आहे. तिथं पायऱ्यांची दगडी विहीर आहे, किती जुनी ते कोणालाच ठाऊक नाही. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना कोनाडे, कोनाड्यांत कोरलेल्या बाया, एकीच्या कडेवर लेकरू. माझी माय तिथूनच पाणी भरायची. उत्तरेची भिंत पोट काढून बसली होती. हरिदासभाऊनं फीत लावून पाहिलं आणि म्हणाला, दोन पावसाळे काढले तर काढले, तिसरा काढत नाही.

त्यात मदतीची ती योजना मार्चअखेर बंद होणार होती. मे महिन्यात हरिदासभाऊ निवृत्त, आणि त्याची जागा भरायची नाही असं वरून आलेलं. म्हणजे साखरटोलीची विहीर ही शेवटची फाईल. ही गेली की पुढं अर्ज द्यायचा तरी कोणाला?

त्यानं जीव लावला त्या फायलीला. एकही कागद कमी राहू दिला नाही. ठरावावर एका म्हातारीचा अंगठा पुसट होता, तर पुन्हा गावाला जाऊन घेऊन आला. फेब्रुवारीत फोन आला की मुंबईहून दोन जण पाहणीला येतात. मी कपबशा उचलत होते. हरिदासभाऊ फोनवर जीपवाल्याला सांगत होता, "बुधवारी सकाळी सात. साखरटोली."

मी वाट पाहिली की आता हा गावाला फोन करेल. नेहमी करायचाच. सोमवार गेला, मंगळवारची दुपार आली, तरी नाही. मला वाटलं, म्हातारपण आलं, विसरला बिचारा. आठवण द्यावी तर तो साहेबांसोबत बसलेला. मग म्हटलं, एवढं तर आपणही करू शकतो. मी भावजयीला फोन लावला.

"रुखमा, उद्या विहीर पाहाले मुंबईचे सायब येऊन राह्यले. जरा झाडझूड करून ठेवा व. गवत बिवत."

"हौ बाई, करतो ना. तुमी काई चिंता करू नोका," रुखमा म्हणाली.

रुखमानं सरपंचाला सांगितलं. वारलू सरपंच मोठा हौशी माणूस. मुंबईचे साहेब येतात आणि भिंत अशी पोट काढून, पाहून घाबरतील ना! घरकुलाचं उरलेलं सिमेंट होतं. बारा माणसं लावली आणि एका दुपारीत भिंतीला गिलावा मारला, छान गुळगुळीत. शाळेचा हिरवा ऑइलपेंट उरला होता, तो कोनाड्यांतल्या बायांना. कडेवरच्या लेकराला वेगळा, पिवळा. पायऱ्यांवर रांगोळी. गावाच्या बायका नवी लुगडी नेसून आरती घेऊन उभ्या. हे मला नंतर रुखमानंच सांगितलं, कौतुकानं.

बुधवारी चार वाजता जीप परत आली. मुंबईचे दोघं वर न येता परस्पर स्टेशनला गेले. हरिदासभाऊ खुर्चीवर बसला. बाजूच्या टेबलावरचा पवनबाबू विचारायला लागला, "काय झालं भाऊ?"

"रंग ओला होता," हरिदासभाऊ म्हणाला. "हात लावला तं बोटाले लागला."

"पन ह्या वेळी तं तुमी कळवलंच नोतं ना? मुद्दाम?"

मुद्दाम. माझ्या हातात केटली होती. वीस वर्षं ज्याच्यासाठी साहेबांशी भांडला, ते त्यानं या एका फायलीसाठी सोडलं होतं. साहेबांचं म्हणणं खरं मानून गप्प बसला होता.

"मंग कोनं सांगतलं असन गावाले?" पवनबाबू काही सोडेना.

हरिदासभाऊनं माझ्याकडे नाही पाहिलं. कप घेतला, एक घोट प्याला. "आज साखर बरोबर पडली इंदुताई," म्हणाला. रोज मी त्याला फिक्का चहा द्यायची, त्याला साखरेचा आजार. त्या दिवशी माझ्या हातून दोन चमचे पडले होते.

मी सांगणार होते. उद्या सांगू, परवा सांगू. तो एकटा सापडला की मी कपबशा उचलून निघून यायची. साखरटोली माझं माहेर आहे हे त्याला माहीत होतं, गावच्या ठरावावर माझ्या भावाची सही होती. सांगायला उरलं तरी काय होतं?

एप्रिलमध्ये पत्र आलं. मूळ वास्तूवर नवीन काम झालेलं असल्यानं अर्ज अमान्य. ते पत्र हरिदासभाऊनं खणात ठेवलं. तिथं पत्र कधी राहत नसे, दोन दिवसांत पिशवीत जायचं. हे राहिलं, पार मेच्या अखेरीपर्यंत.

शेवटच्या दिवशी कार्यालयानं त्याच्यासाठी शाल-श्रीफळ आणि चिवडा आणला होता. चार वाजताचा कार्यक्रम. सकाळी आठलाच तो येऊन खणातून पत्र काढताना दिसला. फितीचा डबा, काठी, वांग्याची भाजी, सगळं पिशवीत.

मी त्याच्या आडवी आले. "भाऊ, द्या इकडं. माझं गाव आहे. मी देतो नेऊन."

"नाई."

"मीच सांगतलं होतं भाऊ. फोन करून."

"माहीत हाय मले." त्यानं पिशवीची नाडी आवळली. "तुमी नसतं सांगतलं तं मीच सांगतलं असतं. मंगळवारी तीनदा फोन उचलला होता मी. सवय हाय ना."

"मंग मले येऊ द्या संगं."

"तुमाले शिव्या ऐकाची सवय नाई. त्यातही माहेरच्या." आणि नागभीडच्या गाडीला गेला.

पुढचं रुखमाकडून कळलं. फाट्यावर उतरून चालत आला. पारावर लोक जमवले. पत्र वाचलं, मग आपल्या बोलीत सांगितलं. वारलू सरपंच उठून उभा राहिला. "आमी तुमच्यासाठी बारा मानसं लावली, अन् तुमी म्हनता तेच चुकलं? आरती ओवाळली आमी तुमाले!" बायकांनी तर सोडलंच नाही. हरिदासभाऊ खाली बसून सगळं ऐकत राहिला. फोन मी केला होता, हे गावात त्यानं तोंडातून काढलं नाही. रुखमानंही नाही काढलं.

लोक थकले तेव्हा त्यानं सरपंचापुढं कागद केला, इथं सही करा म्हणाला, पोच लागते. सरपंचानं सही केली. रुखमानं चहा दिला, फिक्का मागितला त्यानं. मग विहिरीवर गेला. गिलाव्याला वरून खालपर्यंत एक तडा गेला होता. त्यानं फीत लावली, वहीत माप लिहिलं, काठी भिंतीला टेकवून फोटो काढला. ते माप आता कोणी मागणार नव्हतं. रुखमा म्हणे, सायब, ऊन कलून राह्यलं, वाघ फिरते इकडं, चाला. तेव्हा निघाला.

इकडं चार वाजले, पाच वाजले. चिवडा लोकांनी खाल्ला. शाल-श्रीफळ टेबलावर ठेवून सगळे घरी गेले. कपाटाची किल्ली त्याच्याजवळ होती, मी तिच्यासाठी थांबले.

साडेसातला हरिदासभाऊ आला, चपला धुळीनं पांढऱ्या. शालीकडे पाहिलं नाही. कपाटातून साखरटोलीची फाईल काढली, सरपंचाच्या सहीची पोच शेवटच्या पानावर लावली, पानाला नंबर टाकला, दोरी बांधली. जावक रजिस्टरात लिहिलं, पत्र समक्ष दिले.

मग कपाटाची किल्ली खिळ्याला अडकवली आणि मला म्हणाला, "लाइट बंद करा इंदुताई."