भरलं माझं

त्या हिवाळ्यात आमच्या कंपनीची पोस्टिंग साडेअकरा हजार फुटांवरच्या एका बेस कॅम्पला झाली. मी सिग्नलर, म्हणजे वायरलेस सेट सांभाळणारा. गाव इस्लापूर, तालुका किनवट. माझा जोडीदार नाईक मिलिंद, लातूरजवळच्या रेणापूरचा. उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन धावलेले अख्ख्या कंपनीत आम्ही दोघंच, म्हणून सूत जमलं असावं.

सकाळी पाचला उठायचं, सहाला सेट चालू, दुपारी तीन ते साडेचार रिक्रिएशन रूम. तिथं पूलचं एक टेबल होतं. ऑफिसर्स मेसनं टाकून दिलेलं, कापड दोन ठिकाणी फाटलेलं, एका पायाखाली दूध पावडरचा डबा. कसाही मारा, बॉल डावीकडं घरंगळायचा. पैसे लावायला सक्त मनाई होती. पाणी लावायला मनाई आहे, असं मात्र कुठल्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं नव्हतं.

बर्फाच्या डोंगरावर बसून आम्हाला पाण्याची टंचाई होती. नळ गोठलेले. बर्फ डब्यात चेपून बुखारीवर, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीवर, वितळवला की डब्याच्या तळाशी चार तांबे पाणी निघायचं. तेव्हा हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला एक डबा बर्फ वितळवून द्यायचा, असा खेळ मिलिंदनं सुरू केला. खेळाबरोबर रीतही त्यानंच आणली. पुढं असलेल्यानं स्वतःहून उठायचं. स्टिक टेबलावर आडवी ठेवायची आणि म्हणायचं, "भरलं माझं." समोरच्यानं म्हणायचं, "सांडू नको." एवढं झालं की डाव मोडला, कुणी कुणावर रुसायचं नाही. उत्तर आल्याशिवाय मात्र जिंकणाऱ्यानं टेबलापासून हलायचं नाही.

मला हे उठणं कधी जमलं नाही. एकदा मी सहा डब्यांनी पुढं होतो. मिलिंद हळूच म्हणाला, "गणपत, ऊठ आता." मी कसला उठतोय! हाती आलेलं घालवायची आमची घराण्याची खोड. पुढचे आठ दिवस मी बर्फ वितळवत होतो आणि समोरून खेळलेला आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, शिवप्पा माझ्या पाण्यानं अंघोळ करत होता. हा शिवप्पा उदगीरचा. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायचा आणि तिसरी रोटी मागितली की दोन्ही भाषांत नाही म्हणायचा.

ही रीत कुठली, ते मला आदल्या उन्हाळ्यातच कळलं होतं. आम्ही दोघं एकदम रजेवर आलो होतो. लातूर नुकता वेगळा जिल्हा झाला होता. रोज नवी कचेरी, नव्या पाट्या, बाहेरून बदलून आलेले साहेब लोक. आणि प्यायला पाणी नाही. बसस्टँडच्या मागं एका चाचांची पूलची खोली होती. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातलं टेबल त्यांनी हैदराबादहून आणलेलं. त्या दुष्काळात तिथं कुणाच्या खिशात लावण्यासारखं काही नव्हतं. हरणाऱ्यानं टँकरवरून दोन घागरी पाणी जिंकणाऱ्याच्या घरी पोचवायचं, एवढीच पैज. आणि चाचांचा नियम असा की एका माणसाकडून चार घागरींच्या वर घ्यायचं नाही.

एक दिवस मिलिंदच्या समोर नव्या कचेरीतले एक बाबू होते. हरून हरून इरेला पेटलेले. चार घागरी झाल्याबरोबर मिलिंदनं स्टिक आडवी ठेवली.

"भरलं माझं."

"घाबरलास का रे फौजी?"

"न्हाई साहेब. तुमच्या घरी बी रांजण हाय."

चाचा पान लावता लावता हसले. "जीतना तो सब को आता मियाँ. उठना आना."

"सांडू नको," बाबू शेवटी म्हणाले आणि संध्याकाळी खरंच चार घागरी घेऊन आले. मिलिंदच्या आईनं त्यातल्या दोन त्यांच्याच घरी परत पाठवल्या. माउलीचा हिशेब लेकापेक्षा कडक होता.

त्याच रजेत मी त्याला आमच्याकडं सहस्रकुंड दाखवायला नेलं. धबधबा पाहायची त्याला लई हौस. गेलो तर काळा खडक तापलेला आणि खाली डबक्यात म्हशी. तो तासभर त्या कोरड्या कड्याकडं बघत बसला. "पाणी कुठून पडतं रे?" मी बोट दाखवलं. "पावसाळ्यात येऊ," तो म्हणाला. पावसाळ्याची रजा आम्हाला मिळाली नाही. आता श्रावणात त्या कड्यावरून पाणी कोसळतं तेव्हा मी जातो. माणसं भिजायला पुढं पळतात. मी मागं उभा राहून जिथं तो बसला होता तो दगड शोधतो. पाण्याखाली असतो, दिसत नाही.

आता बेस कॅम्पवरच्या त्या दिवसाचं. सकाळी साडेआठला तीन जणांची तुकडी पुढच्या पोस्टवर राशन घेऊन निघाली. पोस्टवरचा लांगरी आजारी पडला होता, म्हणून त्याच्या जागी शिवप्पाही त्यात होता. आठ पन्नासला नाल्यावरचा बर्फ सुटला आणि तिघंही गाडले गेले. नऊ पाचला मिलिंद सहा जवान, दोर आणि फावडी घेऊन पोचला. मी बेसवर सेटपाशी, शेजारी मेजरसाहेब दुर्बीण लावून उभे.

नऊ बावीसला पहिला सापडला, जिवंत. नऊ एकेचाळीसला दुसरा, तोही जिवंत. अशा जागी दोन जीव मिळणं म्हणजे फार झालं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "वरचा बर्फ तडकलाय. बोलाव सगळ्यांना. आत्ता."

"बेस टू पार्टी. परत या. वरून धोका आहे. ओव्हर."

"एक राहिला," मिलिंदचा आवाज आला. "हात दिसायलाय. बोटं हलायल्यात. दहा मिनिटं. ओव्हर."

मी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. हुकूम तोच. मी बटण दाबलं आणि जे वायरलेसवर बोलू नये ते बोललो. "मिलिंद, दोन झाले. भरलं म्हण आणि ऊठ. ओव्हर."

"न्हाई भरलं. ओव्हर."

आयुष्यभर जिंकता जिंकता उठलेला माणूस त्या दिवशी उठला नाही. बाकीच्यांना त्यानं दोराच्या वरच्या टोकाला पाठवलं आणि एकटा खणत राहिला. नऊ त्रेपन्नला दोर ओढला गेला. शिवप्पा वर आला. मग सेट खरखरला. मिलिंद धापा टाकत होता, पण आवाजात हसू होतं.

"तिसरा वर दिला. भरलं माझं. ओव्हर."

ओव्हर म्हणजे, आता तू बोल. तो उत्तराची वाट बघत होता. शेजारी साहेब उभे होते, मी आधीच एकदा नियम मोडला होता. म्हटलं, दहा मिनिटांनी येईलच, तेव्हा तोंडावर सांगू. मी म्हणालो, "रॉजर. आउट."

नऊ चोपन्नला वरचा बर्फ आला.

त्याच्या सामानाची पेटी घेऊन मी रेणापूरला गेलो. आई भिंतीला टेकून बसली होती. वर निळ्या कोटातल्या बाबांचा फोटो, त्याच्या शेजारी वर्दीतला मिलिंद. तिनं रडून घेतलं होतं. मला पाणी दिलं आणि विचारलं, "शेवटी कुणाशी बोलला?"

"माझ्याशी."

"काय म्हणाला?"

"भरलं माझं, म्हणाला."

त्या घरात कितीतरी घागरी याच शब्दावर आल्या होत्या. ती माझ्याकडं बघत राहिली. "मंग तू काय म्हणलास?"

खोटं बोलता आलं असतं. "रॉजर, आउट," मी सांगितलं.

"म्हंजी?"

"म्हणजे, ऐकलं. बोलणं संपलं."

मग उठून तिनं माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला. "ऐकलंस नव्हं? बास." तेवढं म्हणून ती आत गेली. तिनं मला माफ केलं असेल. मी अजून केलेलं नाही.

चाचा गेले. खोली आता त्यांचा मुलगा चालवतो, टेबल नवं आहे, बॉल सरळ जातात. दरसाल त्या तारखेला मी इस्लापूरहून तिथं जातो आणि शिवप्पा उदगीरहून बसनं येतो. बर्फानं त्याच्या त्या हाताची दोन बोटं नेली. उरलेल्या तीन बोटांवर स्टिक टेकवून तो खेळतो आणि तरी मला हरवतो. चहाची पैज असते. तिसरा डाव जिंकला की तो स्टिक आडवी ठेवतो, टेबलापाशी थांबतो आणि म्हणतो, "भरलं माझं."

"सांडू नको, मिलिंद," मी म्हणतो.

इतक्या वर्षांत शिवप्पानं एकदाही मला दुरुस्त केलेलं नाही.