दादूसला ओव्हरटेक

गो-कार्ट म्हणजे काय, हे सासूबाईंना समजावताना माझा घसा सुकला होता. जमिनीला टेकलेली चारचाकी, वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत, गिअर नाहीत. उजवा पाय दाबला की पळते, डावा दाबला की थांबते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "मंग जाते कुठं?" मी म्हटलं, "कुठंच नाही. गोल फिरून परत तिथंच येते." त्यांनी कोपरापासून हात जोडले आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागल्या.

खरं सांगायचं तर मलाही आधी तसंच वाटलं होतं. मी तळोज्याच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर बाटल्या, नमुने आणि सह्या. दोन वर्षांपूर्वी ऑफिसने सगळ्यांना जवळच्या कार्टिंग ट्रॅकवर नेलं. तिथे कार्ट भाड्याने मिळतात, हेल्मेट तेच देतात, दहा मिनिटं चालवायची आणि उतरायचं. मी ओढणी काढून पर्समध्ये कोंबली, केस टोपीत घातले आणि बसले. त्या दिवशी माझा नंबर शेवटून पहिला आला. प्रत्येक वळणावर टायरच्या भिंतीला धडकून आले. आमच्या सेक्शनचा एक पोरगेला इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तुमी टेन्शन नका घेऊ, लेडीजना होतं असं." बस्स! माझा स्वभाव आधीच तापट. पुढच्याच रविवारी मी एकटी परत गेले.

मग जातच राहिले. माहेर नावड्याला, ट्रॅकच्या जवळच. आईकडे जाते असं सांगून निघायचं, खरोखर आईकडे चहा प्यायचा आणि मग ट्रॅकवर. नवऱ्याला पहिल्यापासून माहीत होतं. तो म्हणायचा, "कर काय करायचं ते, फक्त हातपाय मोडून घेऊ नकोस, डबे कोण भरणार?" मी म्हणायचे, "तू." हळूहळू हात शिकले. वळणाच्या आधी ब्रेक मारायचा, वळणात नाही. बाहेरून यायचं, आत घासून जायचं आणि परत बाहेर सुटायचं. दोन्ही पेडल एकदम दाबली तर इंजिन रुसतं. सोमवारी बरगड्या दुखायच्या, लॅबमध्ये पिपेट धरताना बोटं थरथरायची आणि मी मनातल्या मनात खूश असायचे.

त्या ट्रॅकवर हौशी लोकांची रेस असते. त्यात उतरायचं तर आधी पात्रता फेरी. दहा-दहा मिनिटांच्या बॅचेस सोडतात. प्रत्येकाची सगळ्यात वेगवान लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण फेरी, धरतात आणि वरचे आठ जण रेसला. मी दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा अगदी थोडक्यात गेले. पावसाळ्यात ट्रॅक बंद असतो, त्यामुळे मे महिन्यातली फेरी ही शेवटची संधी होती. लोकांना ही गंमत वाटेल, पण मला ती रेस हवी होती. शाळेतसुद्धा मी कधी कशात निवडली गेले नव्हते. लग्न झालं, नोकरी लागली, मूल झालं, सगळं वेळेवर झालं, त्यात माझं कर्तृत्व ते काय? ही एक गोष्ट मी स्वतःहून मागत होते.

आता दादूसबद्दल सांगायला हवं. दादूस म्हणजे माझे मोठे दीर. बोनकोड्यात आमचं घर आगऱ्यांचं, शेती गेली आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारती, भाडेकरू, सोसायटीची भांडणं, गावकीची पूजा, सगळं दादूस बघतात. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलले तर आमच्या किचनमध्ये ऐकू येतं. माणूस सोन्यासारखा, पण पुढे तेच. पंगतीत पहिलं पान त्यांचं. एकविरेला जाताना आमच्या घरच्या चार गाड्या निघतात, पहिली दादूसची, आणि तिला कोणी ओव्हरटेक करत नाही. धाकट्या दिरांनी एकदा हायवेवर केली होती. पुढे कितीतरी महिने घरात त्यांना "काय शेट, घाई हाय का?" असं ऐकावं लागलं. मी साऱ्या जगाशी भांडते, दादूसशी कधी भांडले नाही.

माझ्या रेसचं त्यांना नवऱ्याने सांगितलं. मला वाटलं, आता झालं, बोंबला. पण दादूस जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "घरातली पोर गाडी पलवतेय आनि आमाला पत्ता नाय?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्रॅकवाल्याला फोन केला आणि माझ्या बॅचमधल्या उरलेल्या सगळ्या जागा घेऊन टाकल्या. स्वतःसाठी, माझ्या नवऱ्यासाठी, धाकट्या दिरांसाठी, कॉलेजात जाणाऱ्या पुतण्यासाठी आणि आपल्या दोन दोस्तांसाठी. मी कपाळाला हात लावला. "दादूस, कशाला हो?" ते म्हणाले, "बाहेरची मानसा धक्के मारतील गो तुना. आपली घरची असली म्हंजे कोन हात लावनार नाय." एवढ्या मायेने कोणी आपली वाट लावत असेल तर त्याला थांबवता येत नाही.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. आमची बॅच शेवटची. स्क्रीनवर आधीच्या बॅचेसच्या वेळा लागलेल्या होत्या आणि आठव्या नंबरची वेळ मी सरावात दोन-तीनदा काढली होती, म्हणजे अशक्य काही नव्हतं. जाळीबाहेर जाऊबाई वेफर्सचं पाकीट फोडून बसल्या होत्या. दादूस पांढरे कपडे घालून आले होते. त्यांनी विचारलं, "नारल फोडायचा का?" मॅनेजर म्हणाला, "सर, ट्रॅकवर नाही चालत." मग त्यांनी कार्टच्या चाकाला हात लावून तो नुसता कपाळाला लावला. सूचना देणाऱ्या माणसाने झेंडे दाखवले. पिवळा म्हणजे सावकाश, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, तिला वाट द्या. तो सांगत असताना दादूस फोनवर कोणाला तरी सिमेंटच्या गोणी उतरवायला सांगत होते.

मग गाड्या लावल्या. मी नेहमीची म्हणून मॅनेजरने मला सगळ्यात पुढची कार्ट दिली. म्हणाला, "मॅडम, तुमच्यासमोर ट्रॅक मोकळा राहील." मी बसले, हेल्मेट घातलं आणि मागे पाहिलं. दादूस दुसऱ्या कार्टपाशी उभे होते. आणि मी काय केलं? मी उठले! कोणी सांगितलं नव्हतं, कोणी डोळे वटारले नव्हते. पाय आपोआप उठले आणि तोंड म्हणालं, "दादूस, तुमी पुढं बसा." तेही सहज बसले, यात विचार करण्यासारखं काही असतं असं दोघांनाही वाटलं नाही. मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या कार्टमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण तोवर हिरवा झेंडा पडला होता.

दादूस निघाले ते लग्नाच्या वरातीच्या वेगाने. वळण आलं की जवळजवळ थांबायचे, दोन्ही बाजू बघायचे, मग वळायचे. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे नवरा, मग दीर, पुतण्या आणि दोन दोस्त. सगळे एका ओळीत, शिस्तीत. पुतण्याच्या अंगात विशीचं रक्त, पण तोही गप्प मागे. मी मुद्दाम मागे राहून समोर मोकळी जागा करून बघितली, जोरात सुटले, आणि अर्ध्या लॅपमध्ये परत दादूसच्या पाठीशी येऊन थांबले. मिनिटं चालली होती. हेल्मेटच्या आत मी जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मोठ्या वळणापाशी मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचा झेंडेवाला, निळा झेंडा घेऊन उभा होता. त्याने तो दादूसला दाखवला. दादूसनी काय करावं? स्टिअरिंगवरचा एक हात उचलून त्याला रुबाबात नमस्कार केला! पुढच्या लॅपला मार्शलने झेंडा आणखी जोरात हलवला. दादूसनी आणखी मोठा हात केला. गावच्या जत्रेत पालखीपुढे झेंडे नाचतात, मिरवणुकीत त्यांच्या जीपपुढे पोरं झेंडे फिरवतात. कोणी झेंडा हलवला तर तो आपल्या मानासाठीच, याबद्दल त्यांना कसली शंका? तिसऱ्या वेळी मार्शलने झेंडा काखेत मारला आणि डोकं धरलं.

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं, खोटं नाही सांगत. राग कोणावर काढणार? या माणसाने माझ्यासाठी अख्खी बॅच घेतली, भर उन्हात हेल्मेटमध्ये डोकं खुपसलं, आणि मी त्याच्या मागे बसून माझ्या दोन वर्षांच्या रविवारांची माती होताना बघतेय. पुढे गेले तर? घरात काय म्हणतील? सासूबाई, जाऊबाई, भावकी? सून दिराला मागे टाकून गेली, तेही सगळ्यांदेखत. आणि नाही गेले तर? कोणी काही म्हणणार नव्हतं, कोणाला कळणारही नव्हतं. मला मात्र त्याचंच जास्त वाईट वाटलं. स्क्रीनवर शेवटची तीन मिनिटं दिसली.

"दादूस, माफ करा हां," मी हेल्मेटमध्ये मोठ्याने म्हणाले. ते वळणापाशी थांबल्यासारखे झाले, आत कार्ट मावेल एवढी जागा उघडली आणि मी घुसले. बाजूने जाताना त्यांचा चेहरा दिसला नाही, दिसू नये म्हणून मी पाहिलंच नाही. समोर रिकामा ट्रॅक होता. पहिली लॅप रागात गेली आणि टायर घसरले. मग मी स्वतःलाच दटावलं, अगं बये, ब्रेक आधी, ब्रेक आधी. दुसरी बरी गेली. शेवटच्या लॅपला हात भरून आले होते, पण बाहेरून आले, आत घासून गेले, बाहेर सुटले, आणि एकाही वळणावर मला काही विचार करावा लागला नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला, वेळ संपली.

पिटमध्ये, गाड्या थांबवतात तिथे, शिरले तेव्हा स्क्रीनकडे बघायची हिंमत नव्हती. मॅनेजरच ओरडला, "मॅडम, सातव्या!" सातवी! मी रेसमध्ये होते! मी हेल्मेट काढलं आणि मागे वळले, तर घरचा एकही माणूस टाळ्या वाजवत नव्हता. नवरा, दीर, पुतण्या, दोस्त, सगळे दादूसकडे बघत होते. जाळीबाहेर जाऊबाईंचा वेफर्सचा हात तोंडाशी थांबला होता. दादूस कार्टमध्येच होते, पोटामुळे त्यांना उठता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून हात पुढे केला. मी धावत जाऊन धरला. ते उठले मात्र नाहीत, हात तसाच धरून बसले. चेहरा लालबुंद, केस घामाने चिकटलेले.

"तू गेलीस तवा मना राग आला," ते म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो मला एकटीला ऐकू येण्याइतका होता. "मंग बगला, तू वलन कसा घेतेस. तू वललीस तिथं मी वललू. तू ब्रेक मारलास तिथं मी मारला. लय बरा वाटला गो. नायतर काय कलतच नव्हता, कुठं वलायचा, किती जोरात जायाचा."

मी म्हटलं, "दादूस, तुमी रागावला नाहीत ना?"

"मी बारावीत व्हतो तवा बापूस गेला," ते म्हणाले. "तवापासून माज्या पुढं कोनच नाय. सगले मागं. कोनाला बगून चालायचा?"

इतकी वर्षं त्या घरात आहे, या माणसाच्या मागे आम्ही सगळे किती निवांत चाललो, आणि त्यांना पुढे काय दिसतं हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. त्यांनी ते पाहिलं, आणि लगेच गल्लीतला आवाज लावून मॅनेजरला हाक मारली, "ओ सायब, आमची आनखी एक बॅच लावा!" मग हेल्मेट डोक्यावर चढवत मला म्हणाले, "तू पुढं बस. आनि लय जोरात नको जाऊस हां, मना दिसली पायजेस."