मंदीची गादी आणि कंट्रोलचा तागा

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या घरी तर मुळीच नाही. दुपारचे चार वाजले की ओट्यावर सतरंजी टाकायची, चहाचं आधण ठेवायचं आणि आपण मध्ये तोंड घालायचं नाही, एवढंच माझं काम. बाकीचं आपोआप होतं. शाळेतून रिटायर झाल्यापासून मी हेच करते आहे आणि आता माझ्याकडे इतके किस्से साठलेत की कुठून सुरू करू, हाच प्रश्न!

आधी मंडळी सांगते. धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्यापासून जवळच आमचं गाव. आबा म्हणजे माझे सासरे, नव्वदी ओलांडलेले. अक्का त्यांची थोरली बहीण, म्हणजे नव्वदीच्याही पुढची, पण कान आबांपेक्षा तिखट. नाना हे आबांचे शाळासोबती. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आले आणि इथे कापडाचं दुकान टाकून बसले. आणि भाऊ, या सगळ्यांत लहान, म्हणजे फक्त पंचाहत्तरीचे! ते आमच्याच गावचे. नोकरीची सगळी वर्षं भुसावळला फॅक्टरीत काढली आणि परत गावात येऊन घर बांधलं.

या चौघांचा विषय कुठूनही निघाला तरी दोनच स्टेशनांवर थांबतो. एक मंदी, दुसरं लढाई. मंदी एकोणीसशे तीसच्या सुमाराची, लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध. खान्देशात एक गोळी सुटली नाही, पण आमच्या घरातल्या सवयी बघाल तर वाटेल, युद्ध काल संपलं आणि तेही नक्की नाही!

*

मध्यंतरी सीमेवर ताणाताणी झाली. टीव्हीवर दिवसभर सायरन, मॉक ड्रिल, ब्लॅकआउट. आबा दोन दिवस गप्प बसून बघत होते. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर स्वयंपाकघरात कणकेची खळ शिजवून ठेवलेली आणि आबा स्टुलावर चढलेले! ऑनलाइन पार्सलचे खोके फाडून त्यांनी घरातल्या प्रत्येक खिडकीला आतून पुठ्ठे चिकटवले होते.

लहानपणी आबा शिकायला भुसावळला होते, रेल्वेत खलाशी असलेल्या काकांकडे. तिथे लढाईच्या दिवसांत खिडक्यांना काळा कागद लावायचा हुकूम होता. कुणाच्या फटीतून उजेड दिसला की शिट्टी वाजायची. काका म्हणायचे, "जंक्शन शे बाबा, पहिला नंबर आपलाच लागेल."

माझा मुलगा निखिल घरून काम करतो. तो मीटिंगमधून उठून आला.

"आबा, आता सॅटेलाइट असतं. त्याला अंधारातसुद्धा सगळं दिसतं."

आबांनी शेवटचा पुठ्ठा दाबून बसवला.

"मग त्याले बी दिसाले नको!"

ताणाताणी निवळली, पण पुठ्ठे राहिले. कारण मे महिना होता आणि खोल्या अशा गार राहिल्या की आम्ही दुपारचा कूलर लावलाच नाही. आता शेजारच्या दोन घरांनीही लावलेत!

*

आबांचा जन्म मंदीतला. त्या साली कापूस चांगला आला होता, पण बाहेरच्या देशांत कुठेतरी बाजार बसला आणि त्याची धूळ आमच्या गावापर्यंत उडाली. आबांचे वडील गाड्या भरून धुळ्याला गेले. व्यापाऱ्याने भाव सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तोच. त्यांनी बैल वळवले आणि भरलेल्या गाड्या घेऊन घरी आले.

घरात कापूस छतापर्यंत. करायचं काय? त्यांनी पिंजारी बोलावला, सरकी काढवली आणि गाद्या भरायला लावल्या. घरच्या झाल्या, भावकीच्या झाल्या, मग गड्यांच्या झाल्या. गावातल्या इतरांनीही तेच केलं. लुगडं धड नाही, ताटात कोरडी भाकर, पण झोपायला बिछाना असा की माणूस आत बुडावा! अक्का सांगतात, "त्या साले बठ्ठं गाव राजासारखं झोपे."

तसल्याच एका गादीवर आबा जन्मले. तीच गादी पिंजून पिंजून आजही ते वापरतात. निखिलला वाटलं, आजोबांची कंबर दुखते ती त्यामुळे. त्याने मोठ्या हौसेने ऑर्थोपेडिक गादी मागवली. ती पाकिटातून निघाली आणि आपोआप फुगली. आबा दोन पावलं मागे सरले!

एक रात्र झोपले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळ्यांनी विचारलं, "काय आबा, कशी शे नवी गादी?"

"बरी शे. पण हिच्यात भाव नाही."

नाना चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या जुनीत तरी कुठे होता भाव? म्हणून तर तिची गादी झाली!"

नवी गादी सध्या माझ्याकडे आहे. माझ्या कमरेला मानवली.

*

नानांच्या नातीचं लग्न धुळ्याला मोठ्या लॉनवर झालं. हळदीला थीम होती. मुलाकडच्या सगळ्या पुरुषांना पिस्ता रंगाचा एकसारखा कुर्ता, मुलीकडच्यांना गुलाबी. नानांनी तो गुलाबी कुर्ता घालून आरशात पाहिलं आणि जे हसत सुटले, ते थांबेचनात. सुनेला वाटलं, बीपी वाढलं!

मग ओट्यावर आल्यावर त्यांनी कारण सांगितलं.

लढाईत कापडाला कंट्रोल आला. वरून येईल ते विकायचं, निवड नाही. एकदा नानांच्या वडिलांच्या दुकानात फक्त निळ्या जाड पट्ट्यांचं कापड आलं. तागेच्या तागे, सगळे तसलेच. लोक इतके उघडे झाले होते की त्यांनी पट्टे पाहिले नाहीत, कापड पाहिलं. पंधरवड्यात सगळं गाव निळ्या पट्ट्यांचं! बायका विहिरीवरून हाक मारायच्या आणि वळून बघणारा भलताच निघायचा.

चळवळीचे दिवस होते. कुणीतरी रेल्वेच्या कडेची टेलिफोनची तार तोडली. लांबून एका गँगमनने त्याला पळताना पाहिलं. हवालदार तपासाला गावात आला. चावडीवर उभा राहून त्याने वर्णन वाचलं.

"मध्यम उंची. सावळा. अंगात निळ्या पट्ट्यांचा सदरा."

वाचून मान वर केली. समोर सगळं गाव जमलेलं, निळ्या पट्ट्यांत. शेजारी खुर्चीवर पोलीसपाटील बसलेले, तेही निळ्या पट्ट्यांत! हवालदाराने कागदाकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. घाम पुसला.

नानांचे वडील पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, एक तागा शिल्लक आहे. आपल्याही मापाचा फाडू का?"

*

भाऊ जास्त बोलत नाहीत. ऐकतात आणि हसतात. पण एकदा टीव्हीवर कुठल्याशा दुकानाबाहेर नव्या मोबाइलसाठी लागलेली रांग दाखवत होते. निखिल म्हणाला, "लोकांना काय वेड लागलंय, पहाटेपासून उभे आहेत!"

भाऊ म्हणाले, "आमच्या वडिलांना रांग फार आवडायची."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. रांग कुणाला आवडते?

भाऊंचे वडील लढाईत पलटणीत भरती झाले होते. त्या काळी आमच्या गावात त्यांचं घर गावाबाहेर, पाणवठा वेगळा. ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी जाऊन, तापाने अर्धे होऊन ते जिवंत परत आले. सगळं गाव गोळा झालं. प्रत्येकाला लढाईची गोष्ट ऐकायची होती. विमानं कशी असतात? तोफ कशी वाजते? गोरा साहेब मारतो का?

त्यांनी सांगितलं, "लढाई थोडी. रांग फार. जेवायला रांग, बंदुकीला रांग, अंघोळीच्या पाण्याला रांग."

लोकांचा विरस झाला. कुणीतरी म्हणालं, "मग इथल्यात आणि तिथल्यात फरक काय? इथेही रेशनला रांगच शे!"

"फरक शे," ते म्हणाले. "तिथे माझ्या मागचा माणूस माझ्या मागेच उभा राहायचा."

ओट्यावर आबांनी पेल्यातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "भाऊ, तुझ्या बापाने मला सलाम ठोकायला शिकवला होता. उजवा हात, पण बोटं अशी." आणि त्यांनी बसल्या बसल्या करून दाखवला. भाऊंनी उठून, टाचा जुळवून परत केला!

*

अक्कांचं लग्न ऐन लढाईत झालं. पंधरावंही पुरतं लागलं नव्हतं. बाजारात शालू नावाची चीज उरलीच नव्हती. पलीकडच्या गावात एका घरी जुना, भरजरी, डाळिंबी शालू होता. त्या हंगामात आसपासच्या सगळ्या नवऱ्या त्याच एका शालूत उभ्या राहिल्या.

अक्कांचा मुहूर्त सकाळचा. त्याच दिवशी दुसऱ्या एका गावात गोरज मुहूर्तावर लग्न. अक्षता पडल्या, सप्तपदी झाली आणि मांडवाबाहेर बैलगाडी जुंपून तयार! गाडीवान ओरडायला लागला, "आटपा, तिकडे नवरी खोळंबली!" बायकांनी अक्कांना आत नेऊन शालू उतरवला, घडी केली, फडक्यात बांधला आणि गाडीत घातला. अक्का आईचं धुतलेलं लुगडं नेसून पंगतीत येऊन बसल्या.

नवरदेवाने तोवर नवरीचा चेहरा नीट पाहिलेलाच नव्हता. पाहिला होता तो शालू. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. डाळिंबी कुठेच नाही. शेजारी कुणीतरी बाई साध्या लुगड्यात बसलेली. ते घाबरले आणि मोठ्याने विचारलं, "नवरी कोठे शे?"

सगळा मांडव गार! मुलीची आई कपाळाला हात लावून बसली. नव्या नवरीने बोलायचं नसतं, पण अक्का त्या दिवशीही अक्काच होत्या.

"शालू गया! नवरी आठेच शे!"

"मग पुढं काय झालं?" मी विचारलं.

"पुढं काय? जेवले," अक्का म्हणाल्या. "पण ते मरेपर्यंत साडी घ्यायला दुकानात गेलो की आधी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग साडीकडे."

*

बुद्धपौर्णिमेला भाऊंकडे खीर असते. आम्ही सगळे जातो. अक्कांना चालवत नाही, म्हणून निखिलने त्यांना गाडीतून नेलं. जेवणं झाली, भाऊंच्या सुनेने भिंतीवर घरातल्या माणसांचे फोटो लावले होते ते आम्ही बघत होतो. वडिलांचा पलटणीतला फोटो होता. वडिलांच्या आईचा नव्हता. भाऊ म्हणाले, "आजीचा फोटो कुणी काढलाच नाही. मी झालो तेव्हा ती नव्हती. अक्का, तुम्ही पाहिली असेल ना तिला?"

अक्का खुर्चीत टेकून बसल्या. "पाहिली तर. एकदा जवळून पाहिली."

त्या सांगायला लागल्या आणि मी निखिलला पंखा कमी करायला लावला.

लढाईत घासलेट गेलं आणि मग काडेपेट्या गेल्या. चूल विझू द्यायची नाही, राखेत विस्तव झाकून ठेवायचा, आणि विझलाच तर शेजारणीकडून गोवरीवर आणायचा, असं सगळ्या गावाचं चाललं होतं. एका श्रावणात झड लागली. पाऊस काही केल्या थांबेना. छपरं गळाली, चुली ओल्या झाल्या आणि एकेक करत गावातला सगळा विस्तव विझला. अक्कांची आई ज्या ज्या घरी गेली तिथून हात हलवत परत आली. घरात कर्ती माणसं सकाळपासून उपाशी.

गावात एकाच घरातून धूर निघत होता. भाऊंच्या आजीच्या. मुलगा रजेवर येऊन गेला होता, त्याने पलटणीतल्या काडेपेट्या आणून दिल्या होत्या.

आईने डोक्यावर पोतं घेतलं, हातात गोवरी घेतली आणि गावाबाहेर निघाली. मागोमाग अक्का. दाराशी जाऊन आई उभी राहिली. आत पाऊल टाकवेना आणि परतही फिरवेना.

भाऊंची आजी चुलीशी बसली होती. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या धारेकडे.

"घरमा ये, माय. पाऊस शे. बाहेर दिला तर इझी जाई."

आई आत गेली. चुलीजवळ बसली. आजीने गोवरीवर निखारा ठेवला, फुंकर घातली, चांगला धरेपर्यंत थांबली आणि मग वर खापर झाकून दिलं. दोघी एवढ्या जवळ बसल्या होत्या की एकीच्या फुंकरीने दुसरीचा पदर हलत होता, असं अक्का म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आमच्या घरची चूल पेटली. अक्कांचे आजोबा, घरातले मोठे कारभारी, कडक माणूस, ते पानावर बसले. गरम भाकर, वर ठेचा. एक खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी खाल्ली. चौथी ताटात पडली तेव्हा कुठे त्यांना सुचलं. हात थांबवून त्यांनी विचारलं, "सगळ्या गावात विस्तव नाही. हा कोणाच्या घरचा?"

अक्कांची आई सासऱ्यांसमोर कधी तोंड उघडत नसे. तिने पदर पुढे ओढला आणि तव्याकडे बघतच बोलली.

"पहिली वाढी तवय नही इचारं. आते चौथीले कसाले इचारतस?"

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग ताटाकडे. बाहेर पाऊस पडतच होता. त्यांनी चौथी संपवली, बोटं पुसली आणि ताट पुढे सरकवलं.

"पाचवी वाढ."