आवाज तुटला की खाली ठेव

महानंदाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकाला तूरडाळ जोखून देत होते. फोनवर बाईंचे धाकटे भाऊ होते. "अक्का गेली, मंगलताई. सकाळीच..." एवढंच बोलले. मी पिशवी काट्यावर तशीच सोडली आणि निघाले. पोहोचले तर ओसरीत बाईंना बसवलेलं होतं. आम्हा लिंगायतांत बसवूनच नेतात. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पाठ भिंतीला टेकलेली. आयुष्यभर आम्हाला 'पाठ सरळ' म्हणून ओरडणारी बाई आजही पाठ सरळ ठेवूनच बसली होती. मला रडू फुटणार तेवढ्यात मागून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "लोखंडानं खाल्लं बघा. बाईमाणसानं वजनं उचलल्यावर दुसरं काय व्हनार?" माझं रडू तिथल्या तिथं आटलं.

सव्वा महिना झाला, तो राग उतरायला तयार नाही. उतरणार तरी कसा? काकूंचं ते वाक्य गल्लीभर फिरलं, भाजीबाजारात गेलं, बायकांच्या सासरी पोहोचलं. बाईंच्या शेडमध्ये रोज सकाळी बावीस जणी यायच्या. आज आम्ही सहा उरलो आहोत. कुणाच्या नवऱ्याने नको म्हटलं, कुणाच्या सासूने शपथ घातली. आणखी महिनाभर असंच चाललं तर शेडला कुलूपच लागेल. म्हणून लिहायला बसले. मी काही लेखिका नाही, परभणीतल्या एका किराणा दुकानदाराची बायको आहे. पण बाईंना मी नऊ वर्षं जवळून पाहिलं, आणि काकूंनी नऊ वर्षं भिंतीपलीकडून फक्त ऐकलं. तेव्हा कोणाचं खरं धरायचं ते तुम्हीच ठरवा.

बाई झरीच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर घरामागे पत्र्याचं शेड टाकलं आणि बायकांना व्यायाम शिकवायला लागल्या. मी गेले तेव्हा चाळिशी गाठली होती. दिवसभर गल्ल्यावर बसून पोट सुटलं होतं, जिना चढले की धाप लागायची. शेडमध्ये पाहते तर दोरीउड्यांच्या चार दोऱ्या, वाळू भरलेल्या पिशव्या आणि एक लोखंडी दांडी. बस. दुसऱ्या दिवशी मी आमच्या दुकानातली जुनी लोखंडी मापं रिक्षात घालून नेली. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती पोत्यांमागे गंजत पडली होती. पाच किलोची, दहा किलोची, आणि कडी असलेलं वीस किलोचं एक. बाईंनी दहाचं माप हातात घेऊन असं निरखलं, जसा सोनाराने दागिना निरखावा. म्हणाल्या, "ह्याला मरण न्हाई बघ. आपून जाऊ, हे ऱ्हाईल."

त्यांची पद्धत साधी होती आणि कोणालाच पटत नव्हती. ज्यांना बारीक व्हायचं होतं त्या म्हणत, आम्ही नुसतं चालतो. ज्यांना ताकद हवी होती त्या म्हणत, उड्या कशाला, वजनंच द्या. बाई दोघींनाही सोडत नसत. आधी दम, मग लोखंड, मग परत दम. शंभर उड्या, की लगेच माप उचलून बैठका, की लगेच शेडला दोन फेऱ्या, की परत माप. मध्ये टेकायचं नाही. "नुसतं पळशीला तर गाल बसतील. नुसतं उचलशीला तर दंड येतील आन् जिन्यात धापा टाकशीला. अंग घडवायचं तर दोनी लागतंय." सहा महिन्यांत माझा शिंपी वैतागला. ब्लाउजची कंबर आत घेऊन झाली की दंड घट्ट व्हायचे. सासूबाई सगळ्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या सुनेचे खांदे गड्यासारखे झालेत." पुढे त्या न्हाणीत घसरून पडल्या तेव्हा मी एकटीने त्यांना उचलून खाटेवर आणलं. त्यावेळी ह्याच खांद्यांना घट्ट धरून होत्या. तेव्हापासून ती गोष्ट त्यांनी काढली नाही.

पण बाईंचा खरा नियम वेगळाच होता. प्रत्येक आकडा मोठ्याने मोजायचा. हे ऐकायला सोपं वाटतं. आम्हाला मात्र मापं उचलण्यापेक्षा तेच जड गेलं. बाईमाणसाचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये, हे ऐकत वाढलेल्या आम्ही. सगळ्या जणी मनात मोजायच्या. कोणी फार तर ओठ हलवायची. बाई समोर येऊन उभ्या राहायच्या. "मनात मोजायलीस का? मनातलं मला ऐकू येत न्हाई. गळा उघड." लाजून आम्ही खिदळायचो. मग हळूहळू आवाज फुटले. बावीस बायका सकाळी एकदम 'एक, दोन, तीन' ओरडायला लागल्या की पत्रे थरथरायचे आणि काकू भिंतीवरून डोकं काढून म्हणायच्या, "निवांत बसू द्या की गं जरा! ही काय कवायत लावलीया?" बाई तिकडे बघायच्यासुद्धा नाहीत. त्यांचं सगळं लक्ष आमच्या आवाजाकडे असायचं. आकडा स्वच्छ येतो तोवर चालू दे. आवाज तुटला की माप खाली ठेव, मग ते दहावं असो की तिसरं. "वजन किती उचललंस ते मला सांगू नको. बोलत बोलत किती उचललंस, ते सांग."

वर्षातून एकदा त्या आम्हाला पोखर्णीच्या नरसिंहाला पायी न्यायच्या, पाठीवर वाळूची पिशवी बांधून. तिथेही तोच नियम. वाटभर बोलत राहायचं. एखादी गप्प झाली की सगळा जथा थांबणार. तीन वर्षांपूर्वी अर्ध्या वाटेत बाईच गप्प झाल्या. बाभळीखाली बसल्या आणि म्हणाल्या, "थांबा गं. माझा आवाज तुटला." आम्ही टाळ्या पिटून हसलो. वाटलं, गंमत करतायत...

आणि आता मी केलेलं पाप सांगते, कारण माझा राग काय फक्त काकूंवर नाही, स्वतःवरही आहे. त्याच वर्षी मी एकदा वीसचं माप डोक्याच्या वर नेलं. तोंड मिटून, दात आवळून, एकही आकडा न बोलता. सगळ्या बघत होत्या. माज चढला होता मला. मी म्हणाले, "बाई, तुम्ही कधी दहाच्या वर उचलत नाही. आज उचला की!" बाई पुढे आल्या. दहाचं माप घेतलं, खणखणीत आवाजात आठपर्यंत मोजलं, नवव्याला आवाज कापला, तसं खाली ठेवलं. मी हसले. माझ्याबरोबर बाकीच्याही हसल्या. बाई पदराने हात पुसत एवढंच म्हणाल्या, "तुझं वीसचं मी धरत न्हाई. मुकं होतं ते."

माती झाल्यावर आठ दिवसांनी त्यांच्या भावाला भेटले आणि काकूंचं वाक्य सांगितलं. ते आत गेले, डॉक्टरच्या कागदांची पिशवी घेऊन आले. बाईंना लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. त्यात हृदयाची एक झडप कायमची बिघडली. डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितलेलं, पोरगी चाळिशी बघणार नाही, हिला पळू देऊ नका, शेतात नेऊ नका. "अक्का खाटंवर रडायची," भाऊ म्हणाले. "मग एक दिवस उठली. रोज हिरीपर्यंत चालायची, मोठ्यानं पावलं मोजत. आवाज तुटला की तिथंच बसायची. दुसऱ्या दिवशी चार पावलं पुढं. डॉक्टरला कळलं, त्यानं छाती तपासली. म्हनला, बोलता येतंय तवर चाल." अशा त्या चालत चालत खेळाच्या बाई झाल्या. चाळिशी नव्हे, एकोणसत्तर वर्षं जगल्या. मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं? भाऊ म्हणाले, "आजारी बाईकडं कोन सुना धाडतंय?"

आता सांगा, लोखंडाने खाल्लं की लोखंडाने एकोणतीस वर्षं मिळवून दिली? आणि खाल्लंच असेल कोणी, तर आमच्यासारख्यांच्या हसण्याने थोडं खाल्लं असेल. दहा किलो बोलत बोलत उचलण्यासाठी त्या बाईला काय मोजावं लागत होतं, हे एकीच्याही लक्षात आलं नाही. ज्यांनी घरच्या बायकांना शेडपासून तोडलं त्यांना मी एवढंच विचारते, त्या बायका आता सकाळी काय करतात? परत मनात मोजतात?

परवा सकाळी मी शेडमध्ये एकटीच होते. बाकीच्या पाच जणी लग्नाला गेलेल्या. उड्या झाल्या, फेऱ्या झाल्या, मग बाईंचं दहाचं माप घेतलं. कडेला त्यांचा तळवा लागून लागून गंज गेलाय, तेवढा भाग गुळगुळीत आहे. मोजायला लागले. अकरा झाले, बारा झाले आणि तेराला आवाज तुटला. दमाने नाही, रडण्याने. पण बाईंनी हा फरक मानला नसता. खाली ठेवलं. शेडमध्ये इतकं शांत मी कधीच ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "का गं, थांबलीस? बाराच झालेत."

नऊ वर्षं कान किटले म्हणून भांडणारी ही बाई आकडे मोजत बसली होती... मनातल्या मनात. माझ्या तोंडावर चार कडक शब्द आले होते. मी ते गिळले, डोळे पुसले, माप परत उचललं, आणि भिंतीपलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, "एक."