त्या तारखेला हॉलवर लग्न होतं

प्रीतम भाऊजी, माझे धाकटे दीर, बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहेत. पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरले की चहाच्या आधी लॅपटॉप उघडतात. प्रोग्रॅमिंगच्या परिषदा कुठे, कधी भरणार, भाषणासाठी नाव कधीपर्यंत पाठवायचं, याची इंटरनेटवर एक यादी आहे. कोणीही नोंद पाठवावी. भाऊजी आणि आणखी चौघं ती तपासून चढवतात. पगार नाही. सासूबाई म्हणतात, "गावात लग्नं जुळवत फिरणारा एक असतोच. आमच्या नशिबी घरातच आला."

तपासायची भाऊजींची रीत एकच, सरळ हॉलला फोन. त्याला कारण त्यांचं स्वतःचं लग्न. पालघरच्या हॉलवाल्याने एकच दिवस दोन घरांना दिला होता. दारात दोन वराती, आणि माझी जाऊ चारुता मुंडावळ्या बांधून तासभर रिक्षात. तेव्हापासून परिषद पुण्याची असो की कोचीची, भाऊजी विचारणार, "त्या तारखेला तुमच्याकडे काय आहे?"

बंगळुरूच्या एका परिषदेसाठी मात्र त्यांनी फोन केला नाही. परिषदेच्या वेबपानावर वक्त्यांचे फोटो होते, त्यातले तिघं भाऊजींच्या माहितीतले. मग विचारायचं काय?

आमच्या मागच्या खोलीत तेजल भाड्याने राहते. विक्रमगडकडची, घरात कॉलेज शिकलेली पहिलीच. भाऊजींच्या यादीतूनच तिने या बंगळुरूच्या परिषदेला नाव पाठवलं आणि ते निवडलं गेलं. आयुष्यातलं पहिलं भाषण. पंधरा दिवस ती माझ्यापुढे उभी राहून सराव करत होती. मी मेथी निवडत ऐकायचे. निघायच्या आदल्या दिवशी तिची आई कमळी गावाहून भाकऱ्या बांधून आली.

त्याच दुपारी भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, त्या तिघांतल्या एकाचा निरोप आलाय. अशी परिषद त्याला माहीतच नाही."

"म्हणजे?"

"आत्ता हॉलला फोन केला. त्या तारखेला तिथे लग्न आहे."

माझ्या हातातली पळी कढईतच राहिली. परिषदही कोणी खोटी मांडतं? हॉल खरा, माणसं खरी, आणि परिषदच नाही. नाव नोंदवायची फी घेऊन मांडणारे पसार.

तेजलच्या खोलीत भरलेली बॅग दाराशी ठेवलेली होती. भाऊजींनी खाली बघत सगळं सांगितलं.

कमळीने मला विचारलं, "आता नाय जायाचा?"

"नाही, कमळीबाई."

"मंग पोरीनं एवढा पाठ केला तो?"

भाऊजी म्हणाले, "ती नोंद आत्ताच काढून टाकतो."

"काढू नका," तेजल म्हणाली. आवाज कोरडा. "काढली तर बाकीचे निघतील तसेच. कोणी आज गाडीत बसला असेल. खोटी हाय असं वरच लिहा. मोठ्या अक्षरात."

भाऊजींनी तिच्याच कॉटवर बसून लिहिलं. मग थांबले. "आणि मी हॉलला विचारलं नव्हतं, ते?"

"ते तुमचं तुमी ठरवा, दादा."

चारुता दारातून बघत होती. भाऊजींनी आणखी एक ओळ लिहिली, खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि लॅपटॉप तेजलपुढे सरकवला. तिने दोनदा वाचून बटण दाबलं.

मग ती बॅग उघडून एकेक कपडा परत दोरीवर टाकू लागली.